सरावापुरती श्रीलंका

“बेटा गया ना उनका. अब फॉरेन जा के समाजसेवा करेंगे.”

“अच्छा ही है. घर में बैठ के रोने से तो अच्छा है.”

मीरा रोडच्या आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये आमच्याच विंगमधल्या दोन काकू पुढे उभ्या होत्या आणि मी मागे, आरशाला टेकून, हातात दुधाच्या पिशव्या घेऊन. मी त्यांच्या आधीच आत शिरले होते, पण त्या बोलण्यात गुंग होत्या. मी कुणाला पटकन दिसत नाही, आणि एरवी मला ते बरंच वाटतं. दुसऱ्या मजल्यापाशी एकीची नजर आरशाकडे वळली. ती इतकी गडबडली की तिने मलाच विचारलं, “अरे बेटा, कौनसा माला?” आम्ही वर्षानुवर्षं तिच्याच डोक्यावर राहतोय. “पाँचवा,” मी म्हणाले, जणू मी कुणाकडे पाहुणी आले होते. तिने माझ्यासाठी बटण दाबलं. ते आधीच दाबलेलं होतं.

बेव्हर्ली पार्क

त्या दोघी खोटं बोलत नव्हत्या. माझा दादा जानेवारीत गेला. टर्फवर मित्रांबरोबर क्रिकेट खेळत होता, धाव घेता घेता मध्येच खाली बसला, आणि पुन्हा उठला नाही. अजून तिशीही झाली नव्हती त्याची.

हे इतक्या सरळ वाक्यांत आमच्या घरी कुणी बोलत नाही. आधी आई रडते म्हणून बाबा बोलायचे नाहीत. मग बाबा उठून बाल्कनीत जातात म्हणून आई बोलायची नाही. दोघं बोलत नाहीत म्हणून मी गप्प. असं करता करता त्याचं नाव घरातून निघून गेलं. ‘ती खोली’, ‘त्या वेळी’, ‘ते झाल्यावर’ असं आम्ही म्हणू लागलो आणि त्यात तिघांचंही भागू लागलं.

बाबा विमा कंपनीत होते. उन्हाळ्यात त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर जगाचा नकाशा लावला. वर्षभर बाहेर राहायचं, असं त्यांच्या मनात होतं. तीन महिने श्रीलंका, मग नेपाळ, मग व्हिएतनाम. नुसतं फिरायचं नाही, प्रत्येक ठिकाणी काम करायचं. कुठे वृद्धाश्रम, कुठे शाळा, कुठे रोपवाटिका. आपण राबायचं, राहण्याजेवणाची सोय त्यांनी करायची.

“मनू, तुझं काम लॅपटॉपवरचंच आहे ना?” त्यांनी मला विचारलं. मी मालिकांची सबटायटल्स तपासते. “नेट असलं की झालं?”

“हो.”

“मग तुझा काही प्रॉब्लेम नाही.”

हा प्रश्न नव्हता, म्हणून मी उत्तर दिलं नाही.

आई भाईंदर पूर्वेला शाळेत शिकवते, इंद्रलोकच्या पुढे. ती बिनपगारी रजेची चौकशी करून आली. मला वाटलं होतं ती तरी अडून बसेल. पण भांडी लावता लावता ती म्हणाली, “इथे संध्याकाळ सरत नाही गं. कुठेतरी दुसऱ्याची संध्याकाळ सारू.”

मग एक एजंट घर बघून गेला. वर्षभर फ्लॅट भाड्याने द्यायचा होता. त्याने नळ सोडून पाहिले, बाल्कनीतून वाकून पाहिलं, आणि दादाच्या खोलीच्या दारात उभा राहून म्हणाला, “इस रूम में सामान है. खाली हो जाएगा ना?”

“हो जाएगा,” बाबा म्हणाले.

मला जायचंच नव्हतं, असं नाही. मलाही संध्याकाळी त्या घरात बसवत नव्हतं. पण ज्याच्यामुळे आम्ही निघत होतो त्याचं नाव एकदाही न घेता दाराला कुलूप लावायचं, हे मला झेपत नव्हतं. आणि हे त्यांना कसं सांगायचं, ते मला येत नव्हतं. बाबांनी निघायची तारीख जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातली धरली होती. दादाला वर्ष होणार होतं दुसऱ्या आठवड्यात.

“आधी सराव करू,” बाबा म्हणाले. आईच्या शाळेला दिवाळीची सुट्टी होती आणि या वर्षी आमच्याकडे दिवाळी नव्हतीच. श्रीलंकेत ज्या वृद्धाश्रमाशी बाबांचं बोलणं झालं होतं, तिथे सुट्टीपुरतं राहायचं. जमलं तर जानेवारीपासून तिथेच तीन महिने, आणि तिथून पुढे. ज्यांना असं काही करायचं आहे त्यांनी आधी सराव करावा, हे बाबांचं म्हणणं मला आज पूर्ण पटतं. फक्त कशाचा सराव, ते तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं.

राई

निघण्याआधी आई माहेरी जाऊन आली. तिचं माहेर म्हणजे राई, इथून रिक्षाने जाण्यासारखं. मामाच्या अंगणातून पूर्वी खाडी दिसायची, आता एका टॉवरचं पार्किंग दिसतं. मामाकडे गेलं की आईची भाषा बदलते, आवाजही थोडा मोठा होतो. मला तिचा तो आवाज आवडतो. मी मात्र तिथे आणखीच गप्प होते, कारण मी बोलले की मामेभावंडं माझ्या मराठीची नक्कल करतात.

“आगो तायडे, वरीसभर कुठं भटकनार तुमी?” मामाने विचारलं. “म्हातारी मानसं सांभालाला परदेशात? इथं आमची आये हाय, तिला ने. तिचं पन बघून व्हईल लंका.”

आत आजी हसली. आईही हसली. मग मामा गंभीर झाला.

“न्हाय, जावा तुमी. पन पोराचं वरीस तरी घाला पयलं. मंग जावा.”

“ह्यांना न्हाय सोसत ते,” आई म्हणाली.

“त्यांना न्हाय सोसत. बरं. आन तुला?”

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मामीने विषय बदलला आणि सुक्या जवळ्याची पुडी आईच्या पिशवीत घातली, परदेशात तोंडाला चव नसली तर असू दे म्हणून. विमानतळावर तिच्या वासाने आमची बॅग उघडायला लावतील अशी बाबांना भीती होती. कुणी उघडली नाही.

मातलेच्या बाजूला

कोलंबोला उतरून व्हॅनने वर गेलो. कँडी ओलांडून मातलेच्या बाजूला एक डोंगर आहे, त्याच्या कुशीत ते घर. चहूकडे जायफळाची झाडं, मिऱ्यांचे वेल, आणि दुपारनंतर रोज पाऊस. सगळं इतकं हिरवं होतं की पहिले दोन दिवस मला कोकणात आल्यासारखं वाटलं. मग कळलं की कोकणात कुणीतरी हाका मारत असतं, इथे फार शांतता होती. घर बैठं, लाल कौलांचं, लांब पडवीचं. पडवीत ओळीने खुर्च्या, खुर्च्यांवर म्हातारी माणसं. आम्ही व्हॅनमधून उतरलो तेव्हा सगळ्यांनी एकदम आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पावसाकडे पाहू लागली.

घर सांभाळणाऱ्या बाईंना सगळे मेट्रन म्हणत. उंच, सावळ्या, साडी नेसायची त्यांची तऱ्हा निराळी, कमरेशी झालर असलेली. इंग्रजी स्वच्छ. त्यांनी आम्हाला दुधाशिवायचा चहा दिला आणि प्रत्येकाच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला. चहात साखर नाही. गूळ चावायचा आणि वर चहाचा घोट घ्यायचा. बाबांनी गूळ चहात टाकून ढवळला. पडवीतल्या एका आजोबांना ते बघून इतकं हसू आलं की त्यांना ठसका लागला. ते आमचं पहिलं समाजकार्य.

खाणं मला मानवलं. आईला त्याहून जास्त. रोज भात, नारळाच्या दुधातली पातळ डाळ, खोबऱ्यात परतलेली पालेभाजी, आणि खोबरं-मिरचीची लालभडक चटणी. तिच्यात वाळवलेल्या माशाचा चुरा असतो. पहिल्याच जेवणाला आई हळूच म्हणाली, “ही तर आमच्या राईची चटणी.” मामीची पुडी तिने दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरात देऊन टाकली. स्वयंपाकीणबाई वास घेऊन मान डोलवायच्या. तिथली मान डोलवणी आपल्यासारखीच, हो की नाही ते समोरच्याने ठरवायचं.

बाबांनी घरून ठरवून आणलं होतं की सकाळी सगळ्यांचा हलका व्यायाम घ्यायचा. पहिल्या सकाळी ते पडवीत मधोमध उभे राहिले आणि हात वर करून दाखवू लागले. कुणी हात वर केले नाहीत. दोघींनी नमस्कार केला, त्यांना वाटलं प्रार्थना आहे. ठसकेवाले आजोबा झोपले. बाबा तरी चिकाटीने हात वर-खाली करत राहिले, घामाघूम होऊन, आणि मला एकाएकी ते बघवेना. दुपारी ते मागच्या ओहोळापर्यंत चालून आले तर पायाला जळवा. स्वयंपाकीणबाईंनी साबण चोळून त्या काढल्या. बाबांच्या पोटरीवरून रक्ताच्या बारीक धारा वाहत होत्या आणि ते म्हणत होते, “काही दुखत नाही बरं का. अजिबात कळलं नाही.” आईने त्यांच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

मला काम दिलं होतं नखं कापायचं. बोलावं लागत नाही असं काम, मला आवडलं. एकेकाचा हात मांडीवर घ्यायचा, बोटं कोमट पाण्यात भिजवायची, मग एकेक नख. म्हाताऱ्या माणसांची नखं कठीण असतात आणि हात फार हलके.

त्यातल्या एका आजींचं नाव सोमावती. त्यांना दात नव्हते, डोळे मात्र चौकस. त्या मला ‘दुवा’ म्हणत. दुवा म्हणजे मुलगी. भेटल्या की विचारत, “बत् कावद?” म्हणजे भात खाल्लास का. मी मान हलवली की त्यांचं समाधान व्हायचं. मला आठवलं, दादा गेल्यावर आमच्या सोसायटीतही सगळे हेच विचारत होते, कुछ खाया क्या. माणसांना दुसरं काही विचारता येत नाही तेव्हा ती जेवणाचं विचारतात, सगळीकडे.

एका दुपारी मी सोमावतींची नखं कापत होते. आई पलीकडे मेट्रनबरोबर धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती, एक टोक हिच्याकडे, एक टोक तिच्याकडे. सोमावतींनी मेट्रनना काहीतरी विचारलं. मेट्रननी आईला इंग्रजीत सांगितलं, “ती विचारतेय, तुम्हाला मुलं किती?”

“वन,” आई म्हणाली. “ओन्ली वन डॉटर.”

चादरीची घडी अर्धी झाली होती, ती तिने पूर्ण केली. माझ्याकडे पाहिलं नाही. मी सोमावतींचं बोट हातात धरून तशीच बसले. त्या वाकल्या, ओल्या हाताने माझ्या डोक्यावर थोपटलं आणि जिभेने चुकचुकल्या. एकच, एकटी बिचारी, असं काहीतरी असावं.

संध्याकाळी खोलीत आई केस विंचरत होती. मी काहीच विचारलं नव्हतं. तीच म्हणाली, “काय सांगणार होते गं मी? दोन म्हटलं असतं तर पुढे विचारलं असतं, तो काय करतो.”

मी “हं” म्हणाले.

मला तिचं पटलं होतं. म्हणूनच झोप लागेना. वर्षभर, तीन देशांत, रोज नवी माणसं भेटणार. प्रत्येकाला कुटुंबाची चौकशी करायची असणार, कारण आपल्या बाजूची माणसं सगळीकडे तेच करतात. तेच उत्तर आम्ही इतक्या वेळा देऊ की शेवटी तेच खरं होईल. मीरा रोडला निदान लिफ्टमध्ये तरी त्याची आठवण निघते. इथे त्याला ओळखणारं कुणीच नव्हतं. बाबांना नेमकं तेच हवं होतं, आणि मला त्याचीच भीती वाटत होती.

रविवार

सोमवारी परत निघायचं होतं. जानेवारीत येणार का, ते मेट्रनना रविवारी दुपारी जेवणानंतर सांगायचं होतं. बाबांचा होकार तयार होता.

आईच्या डोक्यात आलं की जाण्याआधी सगळ्यांना आपल्या हातचं जेवण घालावं. तिने मेट्रनना विचारलं. “रविवारचं दुपारचं जेवण तुमच्या कुटुंबाकडून? जरूर,” त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा मऊ झाला, त्यांनी आईचा हात हातात घेतला. आईला वाटलं, एवढं काय त्यात.

तिथे अधूनमधून बाहेरची कुटुंबं जेवण घेऊन यायची. पांढरे कपडे घातलेली, हातात मोठमोठी पातेली. आपल्याकडे वाढदिवसाला लोक आश्रमात जाऊन जेवण देतात, केक कापतात, फोटो काढतात, तसंच असेल असं आम्ही धरून चाललो होतो. ती मंडळी आली की बाबा म्हणायचे, “त्यांचा घरगुती कार्यक्रम असेल, आपण मध्ये नको,” आणि आम्हाला घेऊन फिरायला जायचे. त्यामुळे जेवणाआधी तिथे काय होतं, ते आम्ही एकदाही पाहिलं नव्हतं.

रविवारी सकाळी आईने स्वयंपाकघराचा ताबा घेतला. गोडा मसाला तिने घरून आणला होता. कोकम नव्हतं. स्वयंपाकीणबाईंनी एका बरणीतून काळी, धुरकट, सुकवलेली फळं काढून दिली. आईने हुंगली आणि खूश झाली. “कोकमाचं चुलत भावंड गं हे.” आमटी उकळायला लागली. आईची पाठ वळताच स्वयंपाकीणबाईंनी तिच्यात वाटीभर नारळाचं दूध ओतलं. त्यांच्या मते बिचारीकडून राहून गेलं होतं.

“आमटीत नारळाचं दूध!” आई म्हणाली. “मामी पाहिजे होती बघायला.” कित्येक महिन्यांनी ती मोकळेपणाने हसली.

मी बटाटे चिरत होते. पातळ, गोल काप. निम्मे चिरून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण काय करतोय. बटाट्याच्या काचऱ्या, आमटी, काकडीची कोशिंबीर, शेवयांची खीर. दादाच्या वाढदिवसाला आई हेच करायची, दर वर्षी, त्याला दुसरं काही चालायचं नाही म्हणून. आमटी तो भातावर घ्यायचा नाही, वाटी तोंडाला लावून प्यायचा. जानेवारीपासून घरात काचऱ्या झाल्या नव्हत्या. मी आईकडे पाहिलं. ती शेवया भाजत होती. “जास्त माणसांना सोपं पडतं हे,” ती म्हणाली, मी काही न विचारता.

बाबा चहाची चौकशी करायला दारापर्यंत आले. फोडणीचा वास सगळीकडे भरला होता. ते उंबऱ्यावर थांबले, आत आले नाहीत, तसेच परत गेले.

मी हे लिहितेय तेव्हा आम्हाला परत येऊन काही आठवडे झालेत. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मराठी लिहिताना अडखळते, आणि लिहून झालं की हे सगळं आईच तपासून देणार आहे. तिच्या हातात जाणार हे माहीत असून लिहितेय. जानेवारीची तारीख बाबांनी पुढे ढकलली आहे. किती पुढे, ते बोलत नाहीत. नकाशा भिंतीवर आहे. एजंटचा फोन येतो, तो कधी बाबा घेतात, कधी घेत नाहीत.

तर रविवार. पातेली घेऊन आम्ही जेवणाच्या खोलीत गेलो आणि दारातच थबकलो. टेबलं भिंतीला लावली होती. जमिनीवर चटया. सगळी म्हातारी माणसं पांढऱ्या कपड्यांत, केस विंचरून, पाय दुमडून किंवा खुर्चीत बसलेली. ठसकेवाले आजोबाही पांढऱ्या सदऱ्यात, जागे. समोर एका खुर्चीवर पांढरी चादर घातली होती आणि तिच्यावर जवळच्या मठातल्या एक वयस्कर भिक्षुणी बसल्या होत्या. त्यांच्यापुढे पितळी ताटात एक लहानशी तोटीची झारी आणि एक कप. मी हिरवा कुर्ता घातला होता, बाबांच्या अंगावर चौकटीचा शर्ट.

“हे काय?” आई माझ्या कानाशी म्हणाली, जणू मला माहीत असेल.

मेट्रननी आम्हाला पुढे बसवलं. आमच्या प्रत्येक पदार्थाचा एकेक घास एका लहान ताटलीत वाढून त्यांनी ती कोपऱ्यातल्या बुद्धाच्या मूर्तीपुढे ठेवली. भिक्षुणींनी म्हणायला सुरुवात केली आणि सगळी खोली त्यांच्यामागून म्हणू लागली. बुद्धं सरणं गच्छामि. हे शब्द आम्हाला परके नव्हते, भाईंदरला दर वर्षी चौदा एप्रिलच्या मांडवातून ऐकलेले. बाबांचे खांदे जरा सैलावले. त्यांना वाटलं, जेवणाआधीची प्रार्थना असेल.

मग मेट्रननी ती झारी उचलून आई-बाबांच्या हातात दिली. दोघांनी मिळून धरायची होती. “तुम्ही कपात पाणी ओता,” त्या इंग्रजीत म्हणाल्या, “कप भरून वाहू लागेपर्यंत. आजच्या जेवणाचं पुण्य त्या पाण्याबरोबर त्या माणसाला पोचतं. फक्त नाव सांगा. कुणासाठी दिलंत जेवण?”

बाबांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

“कुणाच्या आठवणीत?” मेट्रननी पुन्हा विचारलं. “एखादं कुटुंब जेवण देतं ते कुणाच्या तरी नावाने देतं. तुमचे आई-वडील असतील?”

“नो, नो,” बाबा घाईने म्हणाले. “नो नेम. जस्ट लाइक दॅट. एव्हरीबडी, हॅपी.”

मेट्रननी ते सिंहलीत सांगितलं. खोलीत कुजबुज झाली. कुणाच्याच नावाने नसलेलं जेवण त्यांना कळत नव्हतं. मला मामाचं अंगण आठवलं. आजी दर वर्षी पितृपक्षात नावं घेऊन घेऊन पान वाढते, एकही विसरत नाही. इतक्या लांब येऊन आम्ही तिथेच पोचलो होतो. पाणी, पान आणि नाव.

आईचा हात झारीवर होता, बाबांचा तिच्या हातावर. झारी थोडी कलली होती आणि तोटीतून थेंब ताटात पडत होते. सोमावती आजी पहिल्या ओळीत होत्या. त्यांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचे चौकस डोळे माझ्यावरच थांबले.

“नम?” त्यांनी मला विचारलं.

त्याचा अर्थ सांगायला कुणी लागला नाही.

भिक्षुणींना आमची अडचण समजली असावी. त्या हलक्या आवाजात मेट्रनना काहीतरी म्हणाल्या. मेट्रननी हसून सांगितलं, “काही हरकत नाही. नाव नसलं तरी चालेल. सगळ्याच गेलेल्यांसाठी म्हणू.”

“यस,” बाबा म्हणाले. “ऑल. ऑल इज फाइन.” त्यांनी सुटकेचा श्वास सोडला, तो मला ऐकू आला. आईने मान खाली घातली. झारी कपाकडे वळली.

अशी सुटका झाली होती. कुणी आग्रह धरला नव्हता. पाणी ओतलं गेलं असतं, जेवणं झाली असती, बाबांनी जानेवारीचा होकार दिला असता, आणि दादा इथूनही नाव न घेता गेला असता, सगळ्यांमधला एक होऊन.

“थांबा,” मी म्हणाले. मराठीतच म्हणाले. आई-बाबा थांबले.

पांढऱ्या कपड्यांतली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती आणि मला दडायला मागे आरसा नव्हता. मी चटईवरून पुढे सरकले आणि त्या दोघांच्या हातांवर माझा हात ठेवला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. नको, असं त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट होतं. आईने पाहिलं नाही, पण झारीवरची तिची बोटं सरकली आणि माझ्या हाताला जागा झाली.

मी धाकटी, त्यामुळे त्याला आयुष्यात कधी नावाने हाक मारली नव्हती. जिभेला ते वळण नव्हतं. ते नाव मी बाबांच्या नावासकट, आमच्या आडनावासकट, शेवटच्या ओळीतल्या आजोबांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने घेतलं.

“मंदार अरविंद केळुसकर.”